चित्रांचा ग्रुप चालवणारी ताईसुद्धा ऑटिस्टिक आहे

संपादक साहेब नमस्कार,

ऑटिझमवर, म्हणजे स्वमग्नतेवर, पेपरात येतं ते बहुतेक लहान मुलांबद्दल, पण ही मुलं मोठी होतात हो, माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. काही महिने झाले तो एका चित्रांच्या ग्रुपला जातो आणि तो चालवणारी ताई स्वतः ऑटिस्टिक आहे, फरक तिथेच पडतो. आधी जायचा तिथे चित्र झालं रे झालं की 'यातून काय वाटलं सांग' म्हणून मागे लागायचे, हा पार मिटून जायचा. परवा खडूचा करकर आवाज त्याला सहन होईना तर ताईने काही न बोलता ब्रश पुढे सरकवला, ट्यूबलाइट बंद केली आणि शेजारी बसून आपलं चित्र काढत राहिली, तासभर दोघं गप्प, पण घरी आला तो गुणगुणत!

डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्येच मांडलंय की ऑटिस्टिक आणि इतर माणसं यांच्यात एकमेकांना न समजणं दोन्हीकडून असतं, डबल एम्पथी प्रॉब्लेम म्हणतात त्याला. ट्रेन्ड थेरपिस्ट हवेतच, पण ताईसारख्या ऑटिस्टिक लोकांनाही ग्रुप चालवू द्या आणि रीतसर पैसे द्या, सेवा म्हणून फुकट राबवू नका.

२ एप्रिलला ऑटिझम दिनाची पुरवणी काढाल तेव्हा लेख त्यांच्याकडूनच मागवा, आम्हा आईबापांकडून नको.

- एक आई