आयर्विन पुलावर पाणी मोजणाऱ्या दादांस

स. न. वि. वि.

पुराच्या रात्री तुम्ही तासातासाला दिलेल्या फूट-इंचांबद्दल हे आभार. सांगली काय नि सांगलीवाडी काय, "पाणी किती?" म्हणजे "आयर्विनला किती?" व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते १९२९ साली खुला झालेला कृष्णेवरचा हा दगडी पूल बांधला ये-जा करायला, पावसाळ्यात मात्र तो मोजपट्टी होतो. ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरची माणसं ४० ची वाट बघत नाहीत, त्यांची भांडीकुंडी आधीच टेम्पोत चढलेली असतात. २०१९ ला पाणी ५७ च्याही वर गेलं होतं.

आकडा वाचणं सोपं वाटतं, तसं ते नाही. प्रवाह आदळतो त्या बाजूला खांबाशी पाणी फुगतं आणि पलीकडे दबतं, म्हणून दर वेळी खांबही तोच आणि बाजूही तीच लागते. लाट वर-खाली होते, तिचा मध्य धरावा लागतो. केंदाळ येऊन अडकलं की खुणाच झाकल्या जातात. तुम्ही हे सगळं सांभाळता आणि वर "४५ फूट १० इंच" असं पूर्ण लिहिता, याचं आम्हाला फार मोल. तोच आकडा मोबाइलवर ४५.१० होतो, पुढे कुणीतरी शून्य गाळतो आणि ४५.१ उरतं. फुटाला इंच बारा, दहा नव्हेत! त्या एका टिंबापायी पाऊण फूट पाणी कागदावरून गायब होतं.

नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या अंकली पुलाचा आकडा आयर्विनशी ताडू नका, हेही तुम्ही न कंटाळता सांगता. तिथला शून्य वेगळा, धोक्याची रेषाही वेगळी. शिवाय पुढे हरिपूरला वारणा नदी कृष्णेला मिळते. ती फुगलेली असली की कृष्णेला पुढे वाट मिळत नाही आणि कोयना धरणाचा विसर्ग कमी होऊनही इथलं पाणी हलत नाही. म्हणून एखादा इंच उतरला म्हणून लगेच "ओसरला" न म्हणता तुम्ही पुढची दोन-तीन वाचनं बघता, ते बरोबरच.

पाणी गेलं की खांबावरचा गाळ ओला असतानाच धुवावा लागतो, वाळला की आकडे दिसत नाहीत. त्या दिवशी बादल्या, काथ्याचे ब्रश आणि चार माणसं आमच्याकडून. तारेचा ब्रश नको, रंगही खरवडून निघतो.

आपले,
दोन्ही काठांवरचे रहिवासी