बाबा, कोणाला फोन करू नका

मानेवाडा, नागपूर
27 मे

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न.

शेजारच्या काकू उद्या सकाळच्या एसटीने हिंगणघाटला निघाल्या आहेत. त्यांच्या हाती हे पत्र आणि बाबांच्या गोळ्या पाठवतेय. गोळ्या दोन महिन्यांच्या आहेत. पत्र पूर्ण वाचा, मधेच ठेवून फोन लावू नका. फोनवर हे बोलणं होत नाही. बाबा 'हं, हं' करून फोन आईकडे देतात आणि आई 'जेवली का' वर येते.

तर, मी बुटीबोरीची नोकरी सोडली. राजीनामा 30 एप्रिललाच दिला, नोटिशीचा महिना या आठवड्यात संपतो. मागच्या खेपेला घरी आले ती हेच सांगायला. पण बाबा फाटकाशी उभे राहून कोणाला तरी 'आमची मनी कंपनीत साहेब आहे' म्हणून सांगत होते, ते कानावर पडलं आणि ओठावरचं गिळलं. दोन दिवस नुसती पुरणपोळी खाऊन परत आले.

येत्या सोमवारी एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या शिक्षिकेची मुलाखत आहे. अकरावी-बारावी सायन्स. हो, दुसरी हातात नसताना पहिली सोडली. आई, कपाळाला हात लावू नकोस. शिफ्टच्या नोकरीत राहून तयारी होत नव्हती, मुलाखतीला सुटीही मिळत नव्हती, आणि ही जागा गेली तर पुढची जाहिरात कधी येईल सांगता येत नाही. जागा विनाअनुदानित आहे, पगार आत्ताच्या निम्म्याहून थोडा जास्त असेल. तुमच्या जावयांसोबत बसून वहीत हिशेब मांडलाय. गाडीचा हप्ता मार्चमध्येच संपला, पिलूची रिक्षा बंद होईल, मीच सोडीन तिला. घरी येणारे आठ हजार येत राहतील. बाबांच्या गोळ्या, आईचं गुडघ्याचं तेल, कामवाल्या मावशींचा पगार, यातल्या एकालाही हात लागणार नाही. हे मी तिसऱ्यांदा लिहून खोडलं आणि परत लिहिलं, म्हणजे किती पक्कं आहे बघा.

बाबा, तुम्ही म्हणाल की मास्तरांचे हाल मी तीस वर्षं पाह्यले, मास्तरकीत काही राह्यलं नाही. मीही पाहून आलेय. जानेवारीत एका ठिकाणी गेले होते, तिथे माझी पदवी कोणी उघडूनही पाहिली नाही, 'इमारत निधीचं काय' एवढंच विचारलं. उठून आले. तेव्हा सांगितलं नाही, कारण तुम्ही पीएफमधले काढून दिले असते.

कंपनीतलं काम वाईट होतं असं नाही. अकरा वर्षं एचपीएलसीपुढे, त्या औषधं तपासायच्या यंत्रापुढे, बसले. नमुना लावायचा, पडद्यावर शिखर ठरलेल्या मिनिटाला उमटलं की सही करायची. माझ्या सहीशिवाय गोळी बाहेर पडत नव्हती. पण गेल्या पावसाळ्यात एक मुलगी शिकाऊ म्हणून आली, बी.एस्सी. फर्स्ट क्लास. सल्फ्युरिक अॅसिड पातळ करायला तिने बीकरमध्ये आधी अॅसिड घेतलं आणि वरून पाणी ओतायला निघाली. मी हात धरला. ओरडणार होते, पण तोंडून निघालं ते तुमचं वाक्य: 'पाण्यात अॅसिड, काठाकाठाने, घाई कायची आहे?' मग तिला समजावलं की यात उष्णता किती निघते, वर पडलेलं पाणी जागच्या जागी उकळून अॅसिडसकट कसं अंगावर उडतं. ती म्हणाली, 'मॅडम, आम्हाला नुसतं पाठ करायला लावलं होतं.' त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मला झोप लागली नाही. एरवी मी जामठ्याच्या आत घोरते.

आई, 2013 मध्ये तू हट्टाने करायला लावलेलं बी.एड. आता कामी येतंय. तेव्हा तुझ्याशी महिनाभर नीट बोलले नव्हते.

तयारी जोरात सुरू आहे. बारावीचं बालभारतीचं पुस्तक आणून सोळाही धडे पुन्हा केले. घन अवस्था आणि कोऑर्डिनेशन संयुगं कंपनीत कधी लागलीच नाहीत, ती पार पुसली गेली होती. लेखी 70 आणि प्रॅक्टिकल 30 गुणांचं असतं, आणि ते 30 सगळीकडे वाटून टाकतात म्हणून पोरांना ब्युरेटची नळी धरता येत नाही, असं तुम्ही नेहमी म्हणायचे. म्हणून वीस मिनिटांच्या डेमो पाठाला मी रासायनिक गतिकी, म्हणजे अभिक्रियेच्या वेगाचा धडा, घेतली आहे, आणि सुरुवात करणार आहे तुमच्या परमँगनेटने, त्या गडद जांभळ्या द्रावणाने. ऑक्झॅलिक अॅसिड 60-70 अंशांवर गरम करायचं, ब्युरेटमधून परमँगनेटचा पहिला थेंब टाकायचा आणि गप्प उभं राहायचं. गुलाबी रंग जायला वेळ लागतो. पोरं चुळबुळतात. मग पुढचे थेंब पडल्या पडल्या नाहीसे होऊ लागतात, कारण अभिक्रियेतून तयार झालेलं मँगनीजच तिला वेग देतं. तिथे थांबून विचारायचं, आता हे असं का झालं असेल?

आडवे प्रश्नही काढून ठेवलेत. ऑक्झॅलिकच्या जागी मोहर सॉल्ट, म्हणजे लोहाचा क्षार, असेल तर ते का तापवत नाही? तापवलं तर त्यातलं लोह हवेनेच ऑक्सिडाइज होतं. हायड्रोक्लोरिक अॅसिड का चालत नाही? परमँगनेट त्यातून क्लोरीन काढतं आणि रीडिंग चुकतं. नायट्रिक का नाही? ते स्वतःच ऑक्सिडाइज करतं. फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळ आलं तर? सल्फ्युरिक कमी पडलं. यातलं पुस्तकातून मी फार थोडं शिकले. परमँगनेट कागदातून गाळायचं नाही, कागदच ते खातं, ग्लास वूलमधून गाळायचं. ब्युरेटमध्ये बाकी सगळ्या द्रावणांची खालची रेषा वाचायची, याची वरची, कारण गडद रंगात खालची दिसतच नाही. 'वरची पाह्य, मने, वरची.' मी नववीत होते. बल्ब गेला होता म्हणून तुम्ही टॉर्च धरला होता.

अडचण खडूची आहे. अकरा वर्षांत फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. बर्डीवरून खडूचा डबा आणला, गॅलरीच्या दारामागे काळा रंग मारला, तरी ओळ उजवीकडे चढतेच. पिलू विद्यार्थिनी होऊन बसते आणि दर दोन मिनिटांनी 'मॅम, मे आय गो टू टॉयलेट' विचारते. इंग्रजीतून शिकवायचं म्हणून धाकधूक होती, पण नागपूरची पोरं शंका विचारतात ती हिंदी-मराठीच्या खिचडीतच, तिथे मला कोण हरवतं?

आता बाबा, एक ऐका. रागावू नका. जाहिरात पाहून तुम्हाला कोण आठवेल ते मला माहीत आहे. ते सर आता तिथल्या समितीवर आहेत. त्यांना फोन करू नका. त्यांच्या मुलाचं प्रोजेक्ट तुम्ही रात्री बसून करून दिलं होतं, ते विसरणार नाहीत, हेही ठाऊक आहे. तरी नको. मला तुमची ओळख नको आहे असा अर्थ काढू नका, देवाशप्पथ तसं नाही. ही जागा मला मिळाली तर ती मला त्या परमँगनेटवर मिळाली पाहिजे, आणि नाही मिळाली तर घरी येऊन दोन दिवस रडायची मोकळीक पाहिजे. फोन झाला तर दोन्ही जाईल.

'स्वतःबद्दल सांगा' हा पहिला प्रश्न असतो. आरशासमोर म्हणून म्हणून पाठ केलंय. पहिलं वाक्य: माझे वडील महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर होते. तुमचं नाव आणि गाव सांगणार नाही, म्हणजे त्या सरांना ओळख द्यावी लागणार नाही. एफ.वाय.च्या त्या प्रॅक्टिकलला मैत्रिणींनी विचारलं होतं, 'हे काका कोण', तेव्हा मी काय म्हणाले ते तुम्ही रॅकच्या मागून ऐकलं होतं. त्यावर आपण कधी बोललो नाही. आताही बोलायला नको. तुम्ही त्या संध्याकाळी माझ्यासाठी समोसा आणला होता, मी तो न खाता झोपले. एवढंच.

आई, आता तुझ्याकडे येते. नवतपा लागलाय, पारा 45 च्या आसपास आहे, आणि तू कुरडया घालायला गच्चीवर चढली असशील. चढू नकोस. त्या गुडघ्याने जिना उतरताना काय होतं ते मागल्या वर्षी पाहिलंय. घालायच्याच असतील तर मावशींना चढव आणि तू खालून हुकूम सोड, ते तुला छान जमतं. कूलरवाल्याला सांगितलंय, तो शनिवारी येऊन वाळ्याच्या नव्या ताट्या आणि पंप बसवून जाईल, पैसे दिलेत, पुन्हा देऊ नका. बाबांच्या पन्ह्यात गूळ नाही म्हणजे नाही, 'थोडासा' पण नाही. जिरं-मीठ टाक, कुरकुर करतील, करू दे. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी राहिली आहे, ती या आठवड्यात, सकाळी नऊच्या आत. आणि बाबा, अंगणात अनवाणी फिरायचं नाही. तळपाय रोज रात्री आईला दाखवायचे. लाजू नका, चाळीस वर्षं झाली लग्नाला.

सोमवारी दुपारी मीच फोन करीन. त्याआधी करू नका, मला तुमचा आवाज ऐकून रडू येईल आणि डोळे सुजतील. सकाळी टेकडी गणपतीला जाऊनच पुढे जाणार आहे. तुमच्याकडून आई, दिवा लाव. नारळ नको, फोडायला बाबा उठतील.

तुमची,
मनी

ता.क. बाबा, माळ्यावरच्या ट्रंकेत तुमची ती पांढरी टाइल असेल, फ्लास्कखाली ठेवायची, कोपरा उडालेली. गुलाबी लवकर दिसावा म्हणून हवी होती. मी सध्या बशी ठेवते, तिच्यावर फुलं आहेत. काकू शुक्रवारी परत येताहेत, त्यांच्याजवळ द्या. तुम्ही स्टुलावर चढू नका, समोरच्या पोराला चढवा.