मागच्या पार्किंगमधल्या चार्जिंग पॉइंटच्या केबलबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,

विषय : साडेतीन कोर 25 स्क्वेअर केबलच्या कोटेशनला मंजुरी देण्यापूर्वी फेरविचार व्हावा

अध्यक्षसाहेब, सप्रेम नमस्कार.

गाड्यांच्या चार्जिंगसाठी सहा पॉइंट घ्यायचे कमिटीने ठरवले, त्याचे आधी अभिनंदन. नोटीस बोर्डावर लावलेले कोटेशन मी नीट वाचले. माझा आक्षेप दरावर नाही, केबलच्या साइझवर आहे. साडेतीन कोर 25 स्क्वेअर म्हणजे करंट नेणाऱ्या तीन फेजच्या 25 चौरस मिलिमीटरच्या तारा आणि करंट परत आणणारी न्यूट्रलची त्याहून बारीक तार.

मीटर रूमपासून मागच्या पार्किंगपर्यंत भिंतीच्या कडेने केबल नेली तर 110 मीटर भरते. प्रत्येक पॉइंट 32 अँपिअरचा, एका फेजवर दोन, म्हणजे फेजला 64 अँपिअर. कॉन्ट्रॅक्टर म्हणतात, 25 स्क्वेअरची अ‍ॅल्युमिनियम आर्मर्ड (बाहेरून धातूचे कवच असलेली) केबल एवढा करंट आरामात घेते. खरे आहे, घेते. पण केबल जळणार नाही एवढ्यावर साइझ ठरत नाही. लांब अंतरावर व्होल्टेज किती पडते, तेही बघावे लागते.

कोटेशनच्या मागच्या पानावर ड्रॉप, म्हणजे वाटेत पडणारे व्होल्टेज, 3.7 टक्के दाखवला आहे. 25 स्क्वेअर अ‍ॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स किलोमीटरला 1.20 ओहम, त्याला 64 अँपिअर आणि 0.11 किलोमीटरने गुणले की साडेआठ व्होल्ट येतात, म्हणजे 230 चे 3.7 टक्के. गुणाकार बरोबर आहे, गृहीत धरलेले दोन्ही मुद्दे चूक आहेत. एक तर 1.20 हा आकडा 20 अंश तापमानाचा. एक्सएलपीई (प्लास्टिकचा एक प्रकार) आवरणाच्या केबलची मर्यादा 90 अंशांची. तिथवर तापली तर तोच रेझिस्टन्स 1.54 होतो. दुसरे म्हणजे हा हिशोब सहाही गाड्या एकाच वेळी लागल्या आहेत असे धरतो. तसे झाले तर तिन्ही फेजचा करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द करतो आणि न्यूट्रल जवळजवळ रिकामा राहतो, म्हणून ड्रॉप फक्त फेजच्या तारेचाच धरला आहे. सहा गाड्या एकदम! आज आपल्याकडे सहा इलेक्ट्रिक गाड्या आहेत तरी का?

रोज घडणार ते असे : रात्री दहा वाजता शेजारशेजारच्या दोन गाड्या लागतील. नकाशात 1 आणि 2 नंबरचे पॉइंट एकाच आर फेजवर आहेत (तीन फेजची नावे आर, वाय, बी). मग 64 अँपिअर फेजने जातील आणि तेवढेच न्यूट्रलने परत येतील. आणि या केबलमधला तो अर्धा कोर, म्हणजे न्यूट्रल, 16 स्क्वेअरचाच असतो. फेजमध्ये 10.8 व्होल्ट पडतील, न्यूट्रलमध्ये 17.2. एकूण 28, म्हणजे 12 टक्क्यांहून जास्त. मीटर रूममध्ये 230 असतील तर गाडीपाशी 202. संध्याकाळी इथेच 220 दिसतात तेव्हा काय होईल, ते सांगायला नको. गाडीतला चार्जर करंट कमी करेल, नाहीतर बंदच पडेल, आणि फोन येईल सेक्रेटरींना. शिवाय न्यूट्रलचे व्होल्टेज सरकल्यामुळे बाकीच्या दोन फेजवर त्याच ठिकाणी आठ-नऊ व्होल्ट वाढलेले दिसतील.

आयईसी 60364 या वायरिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दिवे सोडून इतर लोडसाठी ड्रॉप 5 टक्क्यांच्या आत असावा, तोही इन्स्टॉलेशनच्या सुरुवातीपासून शेवटच्या पॉइंटपर्यंत. केबलच्या टोकाच्या वीज-बोर्डापासून पॉइंटपर्यंतच्या पंधरा मीटर 6 स्क्वेअर तांब्याच्या वायरमध्ये दीड टक्का जाणारच. उरले साडेतीन. चार कोर 50 स्क्वेअर घेतली तर याच वाईट परिस्थितीत नुसत्या केबलमध्ये 5 टक्के जातात. चार कोर 70 स्क्वेअरमध्ये साडेतीन. जाड केबल एवढ्या लोडला 90 अंशांपर्यंत तापणारही नाही, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमीच भरेल. न्यूट्रल पूर्ण साइझचाच हवा, साडेतीन कोर नको.

पैशाचा मुद्दा वेगळा. त्या 28 व्होल्टचा अर्थ केबल तापवण्यात 1.8 किलोवॅट जाणे, तासाला जवळपास दोन युनिट. सबमीटर पॉइंटपाशी लावायचे ठरले आहे, म्हणजे ही वीज गाडीमालकाच्या मीटरवर येतच नाही. ती कॉमन बिलात, अर्थात ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्या मेंटेनन्समध्ये. 70 स्क्वेअरवर हीच गळती अर्ध्या किलोवॅटवर येते.

केबल महाग पडेल, मान्य आहे. पण ट्रे, भिंतीतली भोके, मजुरी हा खर्च दोन्हीकडे सारखाच, आणि पुढे पॉइंट वाढवायचे ठरले तर 25 स्क्वेअर उपटूनच टाकावी लागेल. बजेट अजिबात बसत नसेल तर एका फेजवर एका वेळी एकच गाडी चालेल असे लोड मॅनेजमेंट लावून 50 स्क्वेअरवर भागवता येईल. मात्र ते बंधन सभासदांना आधी सांगावे.

फुकटात होणारी एक दुरुस्ती तर लगेच करा : पॉइंट आर-आर, वाय-वाय, बी-बी असे न जोडता आर, वाय, बी, आर, वाय, बी असे जोडायला सांगा. शेजारच्या दोन गाड्या मग वेगवेगळ्या फेजवर येतील.

सुधारित कोटेशनमध्ये केबलची लांबी, धरलेले तापमान आणि एकाच फेजवर दोन गाड्या असतानाचा ड्रॉप लेखी मागावा. कॉन्ट्रॅक्टरचे शेवटचे बिल देण्याआधी एकाच फेजवर दोन गाड्या लावून दोन्ही टोकांचे व्होल्टेज एकाच वेळी मोजावे. क्लॅम्प मीटर माझ्याकडे आहे, रविवारी सकाळी मी येऊ शकतो.

आपला,
ब विंगमधील एक सभासद