मावशी-मामांचे शिक्षण पाळीच्या वेळेतच हवे

संपादक महोदय,

मुंबईतल्या रुग्णालयांत रुग्णाची कूस बदलणे, बेडपॅन देणे, लघवी मोजणे, सांडलेले रक्त पुसणे ही कामे मावशी आणि मामा, म्हणजे आया आणि वॉर्डबॉय, करतात. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार आरोग्य कर्मचाऱ्यांना रुजू होताना आणि पुढे दरवर्षी किमान एकदा प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे. अनेक ठिकाणी सभागृहात इंग्रजी स्लाइड दाखवून, हजेरीपटावर सह्या घेऊन ते उरकले जाते. ज्यांना मराठीही अडखळत वाचता येते, त्यांच्या हाती त्यातून काहीच लागत नाही.

सुरुवात अक्षरांनी नको, आकड्यांनी करावी. बऱ्याच जणांनी शाळेत देवनागरी आकडे गिरवलेले असतात. वॉर्डातले जार आणि चार्ट मात्र इंग्रजी आकड्यांचे. देवनागरी ४ हा इंग्रजी आठसारखा दिसतो, १ नऊसारखा, ७ सहासारखा. मावशींनी चिठ्ठीवर लिहिलेले ४०० घाईत आठशे म्हणून चार्टवर चढले, तर लघवी कागदोपत्री दुप्पट होते आणि मूत्रपिंडाचा बिघाड लपून राहतो. युरोबॅगवरच्या, म्हणजे लघवी साठणाऱ्या पिशवीवरच्या, रेघा तर अंदाजापुरत्याच. पिशवी फुगली किंवा तिरकी लटकली की चुकतात. म्हणून लघवी जारमध्ये काढायची, जार सपाट जागी ठेवायचा, डोळे रेघेच्या पातळीवर आणून वाचायचे आणि तिथेच लिहायचे. मोठ्या माणसाची लघवी ताशी ३० मिलिलिटरपेक्षा कमी भरली तर सिस्टरना लगेच सांगायचे, हेही त्याच वेळी शिकवावे. आकडा कशासाठी मोजतो हे कळले की तो जपून मोजला जातो.

हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचेही तसेच. रक्त सांडल्यावर एक टक्क्याचे द्रावण लागते. कॅन पाच टक्क्यांचा असेल तर एक मग औषधाला चार मग पाणी, दहा टक्क्यांचा असेल तर एकाला नऊ. ‘एकाला नऊ’ एवढेच पाठ असलेल्या मामांच्या हाती पाच टक्क्यांचा कॅन आला की द्रावण अर्ध्या टक्क्याचे होते. दिसायला आणि वासाला मात्र ठीकच वाटते. म्हणजे पाठांतर पुरत नाही, कॅनवरचा टक्क्याचा आकडा वाचता आला पाहिजे. द्रावण रोज ताजे करावे आणि झाकून ठेवावे. ते संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळू नये. क्लोरीन वायू सुटतो.

कोणता कचरा कोणत्या रंगाच्या पिशवीत टाकायचा हे लवकर लक्षात राहते. चूक होते ती सलाइनच्या नळीला सुई तशीच ठेवून ती लाल पिशवीत टाकताना. मग पिशवी उचलणाऱ्याला ती टोचते. टोचलेली जागा पिळू नये, बोट तोंडात घालू नये; वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे आणि ताबडतोब कळवावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. कंत्राटी कामगार नोकरीच्या भीतीने गप्प बसतात, त्यातच हा वेळ निघून जातो.

शिकवायचे कसे? सकाळपाळीत राउंड उरकल्यावर, वॉर्डातच, सहा-सात जणांना, २० मिनिटे, आठवड्यातून तीनदा. साहित्य तिथलेच: जार, कॅन, चार्ट. शेवटी सही न घेता प्रत्येकाकडून करून घ्यावे. सर्वांसमोर ‘वाचता येते का?’ असे कधीही विचारू नये. ‘चष्मा घरी राहिला’ हे उत्तर ठरलेले असते. ड्युटी संपल्यावर वर्ग ठेवला तर विरार-कल्याणची लोकल गाठणारी मावशी थांबणार नाही, आणि तिने थांबावे ही अपेक्षाही गैर आहे. गिरणगावात रात्रशाळांची परंपरा आहे, पण दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्याला तिथे नेमाने जाता येत नाही.

ज्यांना मुळाक्षरांपासून शिकायचे आहे त्यांच्यासाठी २०२२ ते २०२७ या काळासाठीचा ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. १५ वर्षांवरील कोणालाही त्यात शिकता येते. रुग्णालयांनी आपल्याच आवारात त्याचे वर्ग भरवावेत.

महापालिका आणि राज्य शासनाने मनुष्यबळाच्या कंत्राटाच्या निविदेतच हे तास पगारी म्हणून लिहावेत, त्या वेळेसाठी बदली माणूस द्यावा आणि हेपटायटिस बी लसीचे तीन डोस कंत्राटी कामगारांनाही द्यावेत, ही आमची मागणी आहे.

– रुग्णालयीन प्रशिक्षणाचे काम करणाऱ्या काही परिचारिका, परळ, मुंबई