छप्पन साल, आमच्या घरातलं

अकोला, ७ डिसेंबर

प्रिय सुधीर,

सप्रेम जय भीम.

तुझं पत्र परवाच मिळालं. १९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित करायचं जाहीर झालं, गोळीबार झाले, त्यातून तुझे आजोबा कसे वाचले, ते मी दोनदा वाचलं. चिंतामणराव देशमुखांनी त्याच निषेधात केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं, तेव्हा तुमच्या चाळीत पेढे वाटले, हे तर ठाऊकच नव्हतं.

आमच्या घरात मात्र छप्पन साल दसऱ्याला सुरू होतं. १४ ऑक्टोबर. आजी तेव्हा वीस वर्षांची. आजोबांसोबत रेल्वेने नागपूरला गेली. पांढरं लुगडं नव्हतं, म्हणून शेजारणीचं मागून नेलं. चंद्रमणी महाथेरांनी बाबासाहेबांना दीक्षा दिली, मग बाबासाहेबांनी लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. आजी सांगायची, "मानसाइचा पूर होता बापा, अन् सारे पांढरे."

परत आल्यावर दोघांनी घरातले देव नदीत सोडले. भिंतीतला कोनाडा रिकामा झाला. तेलाचा काळा डाग तेवढा राहिला. आजीने तो राखेने घासला, तरी निघाला नाही. तिथे काय ठेवायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनेही काही ठेवलं नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. ते दीक्षेला गेले तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती, अकोलाही त्याच राज्यात. १ नोव्हेंबरला विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्यात आले. तुझ्या आजोबांना ते मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्य नको होतं, त्यासाठी ते पुढेही लढले. आमच्या घरात त्या दिवसाची एकही आठवण नाही. खरंच नाही, मी खोदून खोदून विचारलं होतं.

आठवण आहे ती ६ डिसेंबरची. दीक्षेला अवघे त्रेपन्न दिवस झाले होते. दिल्लीत बाबासाहेब गेल्याची बातमी आली, तेव्हा आजी ज्वारी निवडत होती. सूप तसंच टाकून ती उठली. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून दोघं जाऊ शकले नाहीत. हे सांगताना तिचा आवाज म्हातारपणीही फुटायचा.

त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रातला बाबासाहेबांचा फोटो तिने कापून कोनाड्यात लावला. घर पाडताना मी तो सोडवून घेतला. मागे तेलाचा डाग उमटला आहे. तू येशील तेव्हा दाखवीन. येताना आजोबांची ती सत्याग्रहाची पावती आणशील ना?

तुझा,
विलास