कोकणातली कौलारू घरं आपल्या मागण्यांमुळे पडत आहेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोकणात कुठे उतरावं, याची माहिती आपल्या पुरवणीत दरवर्षी येते. समुद्र किती लांब, खोलीत एसी आहे का, पोहायला तलाव आहे का, हे सगळं त्यात असतं. घर कसलं आहे, हे मात्र कधी वाचायला मिळत नाही. ते लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाच जण दापोली तालुक्यात आंजर्ल्याला चार दिवस राहून आलो. सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या, आम्ही दोघं आणि दोन मुलं. फोनवर मी पहिला प्रश्न एसीचाच विचारला होता. "नाही हो ताई, पण लागणार नाही तुम्हाला," असं घरमालकीण काकू म्हणाल्या. माझा विश्वास बसला नव्हता. सासूबाईंना जिना नको होता आणि भाडं परवडत होतं, म्हणून तिथलं ठरवलं.

काकूंच्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं हे घर आता शंभरी ओलांडून गेलंय. जांभ्याच्या चिऱ्यांच्या हातभर जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे खळं, मग पडवी, ओटी, माजघर. मागच्या दारी विहीर आणि तिथून थेट पुळणीपर्यंत नारळी-पोफळीचं आगर. रात्री दिवे मालवले की लाटांचा आवाज अगदी उशाशी येतो. भर दुपारी बाहेर पाय भाजत असताना माजघरातली सारवलेली जमीन थंडगार असायची. गरम हवा वर जाते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते, एवढं साधं ते गणित आहे. मुलांनी चार दिवसांत एकदाही पंखा मोठा करायला सांगितलं नाही.

स्वयंपाकघराच्या छपरात एक काचेचं कौल आहे. त्यातून उतरणारा उन्हाचा चौकोन सकाळी फडताळावर असतो, मग भिंतीवरून खाली येतो आणि जमिनीवरून सरकत जातो. तिसऱ्या दिवशी माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "आई, चौकोन जात्यापाशी आला, आता जेवायला बोलावतील." खरंच पाच मिनिटांत हाक आली. त्या दिवशी पानात फणसाची भाजी आणि कुळथाचं पिठलं होतं.

माजघराला लागून एक बिनखिडकीची काळोखी खोली आहे. मुलाने विचारलं, इथे कोण राहायचं? काकू क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, बाळंतिणी. सासूबाई हळूच म्हणाल्या, "आणि आलवणातल्या बायका." म्हणजे केशवपन केलेल्या, लाल लुगडं नेसणाऱ्या विधवा. मग त्यांनी मुलांना आपल्या आत्याबद्दल सांगितलं, जे मीही लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दापोली तालुक्यातल्याच मुरूडला गेलो. धोंडो केशव कर्वे याच गावचे. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं आणि याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ही गोष्ट मुलांच्या शाळेच्या पुस्तकात असती तर पाठ करून विसरली गेली असती. पण त्या खोलीत उभं राहून आल्यावर मुलगा परतीच्या वाटेवर आजीला प्रश्नांवर प्रश्न विचारत होता. असं घर पाडलं की ही खोलीही जाते आणि तो प्रश्न विचारायची जागाही जाते.

आम्ही होतो तेव्हा कौलं परतायचं काम चालू होतं. पावसाळ्याआधी छपरावरची कौलं काढून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवायची, वासे-रिपा तपासायच्या. सत्तरीचे एक काका आणि त्यांच्या हाताखाली एक पोरगा, एवढेच गडी. काका प्रत्येक कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने ठोकत. ठण्ण वाजलं तर वर, बद्द वाजलं तर बाजूला. माझ्या डोळ्यांना ज्यात काहीच दिसत नव्हतं, ती बारीक चीर त्यांच्या कानाला कळत होती. मुलांनी एक कौल उलटं केलं तर मागे इंग्रजी अक्षरं उठवलेली, बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. मंगळूरला बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती संस्थेने कौलांचा कारखाना काढला त्याचं ते साल. तिथली कौलं इथवर पोचली आणि इतक्या पावसाळ्यांनंतरही काकांच्या बोटाखाली ठण्ण वाजत आहेत.

काकांचे दोन्ही मुलगे मुंबईला. हे काम शिकायला कोणी नाही. "ताई, कौल सरकलं की पाणी वाशावर, वासा कुजला की भिंतीवर. घर नेहमी वरून मरतं," ते म्हणाले.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा दापोली-मंडणगडच्या किनाऱ्याचीही वाताहत झाली. काकूंच्या आगरातल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या, घराच्या एका पाखाचं छप्पर उडालं. पावसाळा डोक्यावर, माणसं मिळत नाहीत, लॉकडाऊन, वीज नाही. गावात पुष्कळांनी कौलांच्या जागी पत्रे घातले. त्यांना दोष कसा द्यायचा? त्या घडीला डोक्यावर काहीतरी हवंच होतं. पण पत्र्याखाली मे महिन्यात बसवत नाही आणि पावसात शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. मग घरच पाडायचं आणि स्लॅब टाकायचा, हा पुढचा टप्पा. खाऱ्या हवेत स्लॅबच्या सळ्या गंजतात, गळती लागते आणि शेवटी स्लॅबवरही पत्र्याची शेडच चढते. येता-जाता अशा शेडी आम्ही कितीतरी पाहिल्या.

काकूंनी मात्र पाडल्या जाणाऱ्या घरांची जुनी कौलं विकत घेऊन, तीन उन्हाळे खर्ची घालून छप्पर पुन्हा उभं केलं. कर्जासाठी एका बँकेत गेल्या तर मातीने सांधलेल्या भिंतींच्या घराला किंमत नाही, असं ऐकावं लागलं. शिवाय घर चार भावांच्या नावावर. दोघं हयात नाहीत, वारस पुणे, मुंबई आणि अमेरिकेत. एका संमतीपत्रावरच्या सह्या गोळा व्हायला सव्वा वर्ष लागलं. हे सगळं त्या तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या, भाजी चिरता चिरता सांगत होत्या.

पण ज्या गोष्टीने मला झोप लागली नाही ती वेगळी. काकू म्हणाल्या, "लोक फोन करतात, एसी नाही म्हटलं की ठेवतात. खोलीतच बाथरूम हवं म्हणतात. गेल्या दोन वर्षांत आमच्या आळीतली तीन घरं पडली ती ह्याच्यापायीच. पाहुणा तसा मागतो तर मालक तसं बांधणार." मी गप्प बसले. तो फोन मीही केला होता.

बाथरूमचा प्रश्न काकूंनी सोडवला आहे, आणि तो सगळ्यांनी बघावा असा आहे. मूळ घराला हात न लावता रिकाम्या गोठ्यात त्यांनी तीन स्वच्छ न्हाणीघरं आणि शौचालयं बांधली, आणि मागच्या पडवीपासून तिथवर कौलांची आडोशाची वाट केली. वाटेला कठडा आहे, रात्रभर दिवा असतो. सासूबाई रात्री दोनदा एकट्या जाऊन आल्या. उंबरे उंच आहेत आणि दारं बुटकी, हे मात्र खरं. माझ्या उंच नवऱ्याच्या कपाळावर पहिल्या दिवशी टेंगूळ आलं. वृद्धांना नेणाऱ्यांनी ते आधी विचारून घ्यावं.

संपादक महोदय, माझी विनंती अशी की आपल्या पुरवणीत उतरण्याच्या जागांची माहिती देताना घर जुनं आहे का, कौलारू आहे का, हे लिहायला सुरुवात करा. एसी नाही हे उणेपण म्हणून छापू नका. राज्य सरकारची निवास-न्याहारी योजना आहे, तिच्यात जुनं घर जसंच्या तसं राखणाऱ्याला काही वेगळी सवलत मिळावी, डागडुजीसाठी सोपं कर्ज मिळावं, याचा आपण पाठपुरावा करावा. आणि कौलं परतणाऱ्या काकांसारखी माणसं आहेत तोवर कोकणातल्या एखाद्या आयटीआयने त्यांना बोलावून दहा पोरांना ते काम शिकवावं. दापोलीत साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे छप्पर शाकारणाऱ्याला काम नाही असं व्हायचं नाही.

निघताना काकूंनी मुलीच्या हातात बाजूला काढलेलं एक चिरलेलं कौल दिलं, अक्षरं शाबूत असलेलं. ते आता आमच्या डोंबिवलीच्या खिडकीत आहे. पुढच्या वर्षी एप्रिलअखेर या, कौलं उतरवायला हात लागतात, असं काकू म्हणाल्या आहेत. आम्ही तारखा सांगून ठेवल्या आहेत.

आपली,
एक नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)