तिथं राहतं कोण?

प्रिय छोटी,
अनेक आशीर्वाद.

तू घर घेतेयस हे रविवारी फोनवर ऐकून आवाज चढला तो माझाच. तू म्हणालीस, "आई, आधी अभिनंदन तरी करायचंस," आणि ते खरंच आहे. तुझ्या वयात आम्हां दोघांना मिळून सहा महिन्यांचं भाडंही शिलकीत टाकता आलं नव्हतं. तू एकटीने, कुणापुढे हात न पसरता, घराच्या किमतीचा पाव हिस्सा साठवलास. त्या रात्री बाबा दोनदा पाणी प्यायला उठले आणि दुसऱ्यांदा अंधारातच म्हणाले, "पोरीने कमाल केली." ते तुला कधी सांगायचे नाहीत, म्हणून मी सांगते. अभिनंदन, मनापासून.

आता घर विकणाऱ्या कंपनीची, तू पाठवलेली ती बारा पानं. चष्मा लावून दोनदा वाचली. कंपनी बाजारभावापेक्षा 20 टक्के कमी भावात घर देते, घरात भाडेकरू आधीपासून आहे, पहिल्या दिवसापासून भाडं सुरू, पहिली दोन वर्षं भाड्याची हमी, आणि टोकन शुक्रवारच्या आत. स्वयंपाकघराचे चार फोटो आहेत. त्यातल्या एकात दाराशी लहान मुलाची चप्पल पडली आहे, एकच, उलटी. तुझ्या लक्षात आली का? त्या घरात कोण राहतं, ते मात्र बारा पानांत कुठेच नाही.

मी ठरवलं होतं की पत्रात नुसते आकडे लिहायचे. आकड्यांवरून आपलं कधी भांडण होत नाही. तेव्हा आकडेच घे.

20 टक्के कमी, पण कशापेक्षा? घराची खरी किंमत 100 धर. कंपनीने कागदावर 125 दाखवली आणि त्यावर 20 टक्के सूट दिली, तर तू मोजतेस ते पुरते 100. एक पैसाही वाचला नाही. बँकेच्या कर्जखात्यात 26 वर्षं बसले, तेव्हा अशा फायली माझ्या हाताखालून गेल्या आहेत. आमच्याकडे खरेदीची किंमत आणि मूल्यांकन यांतलं जे कमी असेल त्यावरच कर्ज मिळायचं, आणि तिथेच अशा सवलतीचा फुगा फुटायचा. पण बँकेचा माणूस घर बघायला येतो तो बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून, तुझे नव्हेत. मूल्यांकन करणारा तुझा तू शोध, त्याची फी तू भर, म्हणजे तो तुला बांधील राहील.

शिवाय रिकाम्या घराचा भाव वेगळा आणि माणसं राहत असलेल्या घराचा वेगळा. करार लांबचा असेल, भाडं जुनं आणि कमी असेल, किंवा कायद्याने भाडेकरूला सहज उठवता येत नसेल, तर ते घर कोणीही विकलं तरी स्वस्तातच जातं. मग कंपनी कशाची सूट देते? भाडेकरूचा हक्क किमतीतून आधीच वजा झालेला असतो, त्यालाच सूट म्हणायचं.

भाड्याचंही बघ. वर्षाचं भाडं 6 धरू. एक महिना घर रिकामं राहिलं की 0.5 गेले. उरलेल्या 5.5 वर देखरेखीचे 10 टक्के म्हणजे 0.55. दुरुस्ती, विमा, कर मिळून 1.4 धर. हातात राहिले 3.55. तुझं कर्ज 75, व्याज 5 टक्के धरलं तर वर्षाला 3.75. म्हणजे मुद्दलाला हात लावायच्या आधीच दरवर्षी 0.2 तुझ्या पगारातून जाणार. तुझा व्याजदर वेगळा असेल, तो घालून बघ, पण रिकामा महिना गाळू नकोस. सगळे तोच गाळतात.

आणि ती हमी. बाजारात 6 भाडं येत असताना कंपनी दोन वर्षं 8 देत असेल, तर वरचे 4 कुठून आणते? पुष्कळदा ते किमतीतच घातलेले असतात. तुझेच पैसे तुला भाडं म्हणून परत मिळतात, त्यांवर तू व्याजही भरतेस, आणि तिसऱ्या वर्षी भाडं पुन्हा 6 वर. मधेच कंपनी बंद पडली तर हमीचा कागद कुणाला दाखवायचा?

बघ, व्याख्यान सुरू झालं. हे हिशेब तुला माझ्यापेक्षा चांगले येतात. मावशी म्हणालीच, "तिला शिकवायला जाऊ नकोस, ती तुझीच मुलगी आहे." माफ कर. पण दादाच्या दुकानाच्या वेळी मी गप्प बसले होते आणि ते गप्प बसणं अजून मला झोपू देत नाही.

खरं सांगायचं तर मला आकड्यांची एवढी भीती नाहीच. माझं मन फिरून फिरून त्या एका चपलेपाशी येतं. तिथं राहतं कोण?

जुन्या घरी चौकटीवर तुझी आणि दादाची उंची पेन्सिलने लिहिलेली होती, आठवतं? तू साडेपाच वर्षांची होतीस. एका दुपारी दार वाजलं. बाहेर एक अनोळखी गृहस्थ, हातात पोलादी मोजपट्टी. म्हणाले, "हे घर मी घेतलंय, जरा मापं घेऊ का?" मालकाने घर विकलं हे आम्हांला तेव्हा कळलं. मी बाजूला झाले. ते भिंतीपासून भिंतीपर्यंत पट्टी ताणत होते आणि ती खट्कन आत गेली की तू हसत होतीस. तू "परत" म्हणालीस तर त्यांनी तुझ्यासाठी पुन्हा ओढून सोडली. मग चौकटीचं माप घेताना पेन्सिलीच्या रेघांवर त्यांचं बोट थांबलं, आणि त्यांनी मला विचारलं, "तुम्ही महिनाअखेर निघताय ना?"

आमच्या कराराचे 19 महिने बाकी होते. मी कपाटातून कागद काढून हातात दिला. ते उंबऱ्यावर बसले आणि शेवटचं पान दोनदा वाचलं. घाम फुटला होता त्यांना. भाडेकरू लगेच जातील असं मालकाने तोंडी सांगितलं होतं, भाव कमी होता, म्हणून त्यांनी पुढे विचारलंच नाही. स्वतः भाड्याने राहत होते, इकडे कर्जाचा हप्ता सुरू झालेला. "मला कुणी सांगितलंच नाही" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मालक बदलला म्हणून करार मोडत नाही, असा कायदा बहुतेक ठिकाणी आहे. नवा मालक जुन्याच्या जागी उभा राहतो, हक्कांसकट आणि देण्यांसकट. देणं म्हणजे आमचं डिपॉझिट. जुना मालक म्हणायचा नव्याकडे मागा, नवा म्हणायचा मला मिळालंच नाही. बाबांनी किती खेपा घातल्या असतील. शेवटी त्या गृहस्थांनी स्वतःच्या खिशातून, हप्त्याहप्त्याने दिलं. सात महिन्यांनी आम्हीच दुसरीकडे गेलो, रोज कुणाच्या तरी डोळ्यांत अडचण म्हणून राहणं मला झेपेना. त्या माणसावर मी इतकी वर्षं चिडून होते. रविवारी फोन ठेवला आणि उंबऱ्यावर त्यांच्या जागी मला तू बसलेली दिसलीस.

म्हणून सांगते, टोकन भरायच्या आधी मूळ भाडेकरार माग, त्याचा सारांश नको. कधी संपतो, भाडं कधी आणि किती वाढतं, दुरुस्ती कुणाकडे, हे स्वतः वाच. गेल्या 12 महिन्यांचं भाडं खरंच जमा झालं का ते बँकेच्या उताऱ्यात बघ. कंपनीने टाइप केलेला तक्ता चालणार नाही. असंही होतं की विक्रीपुरतं ओळखीचं कुणी आणून बसवतात, चढं भाडं दाखवतात आणि खरेदीखत झालं की महिन्याभरात घर रिकामं. विकणारा नक्की कोण, तेही बघ. घर कंपनीच्या नावावर आहे, की ती दुसऱ्याच्या घराचा सौदा पुढे सरकवते आहे? मधे किती काढते? वकील त्यांनी सुचवलेला घेऊ नकोस. टोकन परत मिळतं का, ते लेखी घे. शुक्रवार त्यांनी ठरवलेला आहे, तुझा नव्हे. चांगलं घर सोमवारीही चांगलंच असतं.

पुन्हा सुरू झाले मी. तुला राग आला असेल तर हा परिच्छेद सोडून दे.

एक मात्र कर. मालकाला सांगून, भाडेकरूला आधी कळवून, त्यांना सोयीची वेळ विचारून एकदा तिथं जा. नुसती मापं घेऊन येऊ नकोस, पाच मिनिटं बस. घर विकलं जातंय हे त्यांना माहीत आहे का, त्यांना राहायचं आहे की जायचं आहे, ओल कुठे येते, नळ कधीपासून गळतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. ते राहणार असतील, वेळेवर भाडं देत असतील आणि तुझा हिशेब बसत असेल, तर घे घर. मी अडवणार नाही. बाबा तर मोजपट्टी शोधत बसलेत, त्यांना तुझ्याबरोबर यायचं आहे. त्यांचे गुडघे बरे आहेत, तू विचारायच्या आधीच सांगते.

माझी काही मदत लागणार असेल तर ती ठेव मोडायला मी तयार आहे. तू नको म्हणशील हे माहीत आहे. तरी लिहून ठेवते.

तुझी,
आई

ता. क. डिपॉझिट सध्या कुणाकडे आहे ते विचारलंस का? ते खरेदीच्या दिवशीच तुझ्याकडे आलं पाहिजे, आणि खरेदीखतात तसं लिहिलेलं पाहिजे. आणि ती चप्पल, जमलं तर बघून ये, केवढं आहे मूल.